घाटमाथ्यावरची इगर्ज

बेळगावच्या सीमाप्रश्नाची तारीख विचारली तर कोणीही १ नोव्हेंबर १९५६ सांगेल. त्या दिवशी भाषावार राज्यरचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढचा सगळा इतिहास घडला. पण या गावावरून आणखी एक सीमा ओढली गेली होती आणि तीही त्याच्या तीन वर्षं आधी. १९ सप्टेंबर १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन केला. त्यासाठी गोव्याच्या महाधर्मप्रांताचा काही भाग आणि पुणे धर्मप्रांताचा काही भाग तोडून घेतला. या सीमेसाठी कोणी मोर्चा काढला नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. म्हणूनच बहुधा ती आपल्या लक्षातही राहिली नाही. परंतु गोव्याच्या माणसाने ती लक्षात ठेवायला हवी. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि ते आणखी आठ वर्षं टिकणार होतं. म्हणजे गोव्याचं चर्च पोर्तुगालच्या छायेतून बाहेर पडण्याआधी बेळगावचं चर्च बाहेर पडलं!

हे असं का झालं, मुळात बेळगावच्या इगर्जी गोव्याच्या कशा होत्या, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पोर्तुगीज दफ्तरात आणि ग्रंथांत 'बालागाते' हा शब्द वारंवार येतो. हा आपला बालाघाट, म्हणजे सह्याद्रीच्या वरचा मुलूख. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या वनस्पतींवरील ग्रंथातही तो आहे. गोव्याच्या बेटांवर बसलेल्या पोर्तुगिजाला पूर्वेकडे जी निळी भिंत दिसायची तिच्या पलीकडचं सगळं बालागाते. त्या भिंतीच्या माथ्यावरचं महत्त्वाचं ठाणं म्हणजे बेळगाव. आदिलशाहीतला बडा सरदार असदखान लारी याच्या ताब्यात ते होतं. हा असदखान पोर्तुगीज बखरकारांचा चांगलाच परिचयाचा. विजापूरच्या गादीच्या भांडणात पोर्तुगीज ज्या राजकारणात पडले, त्यात असदखान होता आणि त्याच राजकारणातून १५४३ साली बारदेश आणि साष्टी हे दोन महाल कायमचे पोर्तुगिजांकडे आले. गोव्यातले कॅथलिक म्हणजे मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि साष्टी. म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा नकाशा ठरवण्यात बेळगावच्या किल्ल्याचाही हात होता, असं म्हटलं तर ते फारसं चूक ठरू नये.

यानंतरचा माणूस आपल्या दिवाडी बेटावरचा. मातेव द काश्त्रो. जन्म १५९४ च्या सुमाराचा, ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला. त्याला पाद्री व्हायचं होतं, पण गोव्यात त्याला दीक्षा मिळेना. तेव्हा हा पठ्ठ्या इराणच्या खुष्कीच्या वाटेने थेट रोमला गेला! तिथे शिकला, पाद्री झाला, परत आला. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याला मानलं नाही. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली रोमने त्याला बिशप केलं. लॅटिन पंथातला हा पहिला भारतीय बिशप. त्याला नेमून दिलेला प्रदेश होता 'इदलकानचं राज्य', म्हणजेच आदिलशाही. बेळगाव याच मुलखात येत होतं.

काश्त्रो राहिला डिचोलीत. आज डिचोली गोव्यात आहे म्हणून हे विचित्र वाटेल. तेव्हा मात्र ती विजापूरकरांची होती आणि पोर्तुगिजांकडे आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. आदिलशहाच्या परवानगीने काश्त्रोने डिचोली, बांदा आणि वेंगुर्ले इथे चर्च उभारली. पोर्तुगिजांच्या अंगणाला लागूनच, पण त्यांच्या कुंपणाबाहेर. पोर्तुगिजांना हे कसं रुचावं? तो डचांना आणि विजापूरला चिथावतो असा आरोप त्याच्यावर आला. अखेरीस तो रोमला गेला आणि तिथेच वारला.

काश्त्रोची ही कहाणी म्हणजे पुढच्या तीनशे वर्षांच्या भांडणाची पहिली ओवी. भांडण होतं ते 'पाद्रोआद' आणि 'प्रोपागांदा' यांचं. हे दोन शब्द नीट समजले नाहीत तर बेळगावच्या चर्चचा इतिहास उमगत नाही, म्हणून थोडं थांबतो.

पाद्रोआद म्हणजे पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला आश्रयदात्याचा हक्क. पूर्वेकडे चर्च बांधायची, पाद्र्यांना पोसायचं, ही राजाची जबाबदारी. त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचवायचा हक्कही राजाचा. १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत झाला, १५५७ मध्ये महाधर्मप्रांत झाला आणि हा हक्क पक्का झाला. पुढे रोमच्या ध्यानात आलं की राजाचा हात जिथवर पोहोचत नाही तिथेही तो हक्क सांगतो आहे. त्यामुळे १६२२ साली रोमने धर्मप्रसाराचं स्वतःचं खातं काढलं, ते प्रोपागांदा फिदे. या खात्याने पाठवलेले पाद्री थेट पोपला जबाबदार असत. काश्त्रो हा या खात्याचा माणूस. झालं, एका मुलखात दोन धनी आले.

आता बेळगावात येऊ. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. त्यानंतर तिथे इंग्रजांची मोठी छावणी बसली. आज बेळगावकर ज्याला कॅम्प म्हणतात तो भाग तो हाच. छावणी आली की तिच्या पाठोपाठ एक अख्खं गाव येतं. स्वयंपाकी, बटलर, आया, शिंपी, पाव भाजणारे पोदेर, बँडमधले वाजंत्री, कारकून. या कामांसाठी साहेबाला गोंयकार हवा असे. गोमांस किंवा डुकराचं मांस शिजवायला त्याची ना नसे. इगर्जीच्या शाळेत शिकल्यामुळे व्हायोलिन, बिगूल वाजवायला आणि स्वरलिपी वाचायला तो तयार असे. शिवाय गोव्यात पोट भरत नव्हतं, हेही खरंच. पुढे रेल्वे आली. मुरगाव ते कॅसलरॉक ही पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे १८८८ मध्ये पुरी झाली आणि लोंढ्याला बेळगाव-हुबळीच्या मार्गांशी जोडली गेली. घाट चढायला जे दिवस लागत ते तासांवर आलं. मग रेल्वेतले गोंयकार आले. लोंढा, बेळगाव, हुबळी, धारवाड अशा स्टेशनांवर गोव्याची आडनावं दिसू लागली.

परमुलखात पॅरिश कशी जन्माला येते, याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी एक खुरीस उभा राहतो. त्याच्यासमोर संध्याकाळी लादिन म्हटली जाते. तिला पाद्री लागत नाही, घरातला एखादा म्हातारा किंवा व्हायोलिनवाला पुरतो. मग वर्षातून दोन-चारदा फिरता पाद्री येऊन मिस्स म्हणतो, लग्नं लावतो, साठलेले बाप्तिस्मे उरकतो. नंतर कपेल बांधली जाते. पाद्र्याच्या राहण्याची सोय झाली की तो कायमचा येतो. आणि ज्या दिवशी त्या कपेलीत स्वतःच्या नोंदवह्या उघडल्या जातात, त्या दिवशी ती खऱ्या अर्थाने पॅरिश होते. बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केली, मृत्यूच्या नोंदींची १६१४ मध्ये आली. पॅरिश म्हणजे इमारत नव्हे. नेमून दिलेली हद्द, त्या हद्दीतली माणसं, त्यांचा विगार आणि त्यांच्या वह्या, एवढं मिळून पॅरिश होते.

पण गोव्यातली पॅरिश आणि घाटावरची पॅरिश यांत एक मोठा फरक आहे, आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. गोव्याच्या इगर्जीच्या मागे गावकरीची जमीन उभी असते. भाताच्या खाजनांचं उत्पन्न, गावकारांचा हक्क, कॉन्फ्रारीतला मान, फेस्ताला पहिला कोण, दुसरा कोण, सगळं त्या जमिनीशी बांधलेलं. घाटावर गावकरी नव्हती. तिथली इगर्ज महिन्याच्या पगारावर उभी राहिली. बटलरच्या, पोदेरच्या, फायरमनच्या पगारातून आलेल्या वर्गणीवर. साहजिकच तिथे बारदेशचा आणि साष्टीचा, बामण आणि चार्दो आणि सुदीर एका बाकावर आले. जात गेली असं मी म्हणणार नाही, ती इतक्या सहज जात नसते. पण जमिनीने दिलेला मान घाट चढून वर येऊ शकला नाही. मुंबईत धोबीतलावच्या कुडीसुद्धा गावागावांच्या वेगळ्या राहिल्या. घाटावरच्या छोट्या वस्तीला ती चैन परवडण्यासारखी नव्हती.

याच्याशी पुण्याची तुलना करून बघण्यासारखी आहे. पुण्याच्या नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली. म्हणजे एका हिंदू राज्यकर्त्याने दिलेल्या जमिनीवर पाद्रोआदची इगर्ज! बेळगावचा जमाना वेगळा होता. तिथे आश्रयदाता पेशवा नव्हता, पोर्तुगालचा राजा नावापुरता होता, आणि इंग्रज सरकारला काळजी होती ती आपल्या आयरिश सोल्जरांच्या मिस्सची. छावणीतल्या कॅथलिकांची व्यवस्था मुंबई-पुण्याकडच्या मिशनने पाहिली. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ सालचं. पुढे अनेक गोमंतकीय घरांनी, ख्रिस्ती तशा हिंदूही, मुलांना इंग्रजी शिक्षणासाठी बेळगावला धाडलं. पणजीत लिसेवची पोर्तुगीज आणि बेळगावात मॅट्रिकची इंग्रजी, असे दोन रस्ते गोव्याच्या मुलापुढे होते.

तर हे दोन धनी. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी इंग्रजी मुलखातले पाद्रोआदचे बरेचसे अधिकार काढून घेतले. गोव्याने ते मानलं नाही. भांडण इतकं पेटलं की त्याला 'गोव्याची फूट' असं नाव पडलं. १८५७ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांचा करार झाला, तो टिकला नाही. १८८६ चा करार मात्र टिकला. त्या वर्षी गोव्याच्या आर्चबिशपला 'पूर्वेचा पात्रियार्क' ही पदवी मिळाली आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी पुणे धर्मप्रांत उभा राहिला. पुणे जर्मन जेझुइटांच्या हाती होतं. घाटावरच्या या पट्ट्यात पुढची सदुसष्ट वर्षं एका बाजूने गोवा आणि दुसऱ्या बाजूने पुणे, एकाचा बिशप पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा बराच काळ जर्मन. माणसं मात्र दोन्हीकडे बहुतेक आपलीच.

या काळात याच भागात दुसरा एक ख्रिस्ती प्रवाह आला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले. १९०४ साली त्यांचं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. कोल्हापुरात १८५० च्या दशकापासून अमेरिकन मिशन होतं. त्यांचं निपाणीचं ठाणं १९१० चं. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, पंचक्रोशीत मराठी-कानडी दोन्ही चालणारी. या प्रॉटेस्टंटांनी पहिल्या दिवसापासून मराठी आणि कानडी धरली. बायबल, शाळा, गाणी, सगळं त्या भाषांत. उलट कॅथलिकांच्या मिस्सची भाषा लॅटिन, घरची कोंकणी, वह्यांची लॅटिन वा पोर्तुगीज, शाळेची इंग्रजी. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी ख्रिस्ती म्हटल्यावर प्रॉटेस्टंटच डोळ्यासमोर आणतो आणि कॅथलिक म्हटलं की 'गोव्याचे लोक' म्हणतो. मला याचं वाईट वाटतं ते एका कारणासाठी. आपल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली राशोलला जे क्रिस्तपुराण छापलं, ते ओवीबद्ध मराठीत होतं. मराठीतून ख्रिस्ताची कथा सांगणारे पहिले कॅथलिकच. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि तो झरा आटला. घाटावर पोहोचली ती त्यानंतरची, अर्धी मुकी झालेली इगर्ज.

१९४७ नंतर या सगळ्याला निराळंच वळण लागलं. स्वतंत्र भारताच्या भूमीवरचं चर्च गोव्यातल्या पोर्तुगीज पात्रियार्कच्या अधिकाराखाली, हे किती दिवस चालणार? १८ जुलै १९५० च्या करारात पोर्तुगालने भारतातल्या मुंबई, मंगळूर, मैलापूर अशा धर्मप्रांतांतले नेमणुकीचे हक्क सोडले. घाटावरचा पट्टा मात्र गोव्याच्या महाधर्मप्रांताचाच अवयव होता, तो तेवढ्याने सुटला नाही. जानेवारी १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. घराणं मूळ गोव्याचंच. जूनमध्ये गोव्याच्या प्रश्नावरून भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. आणि सप्टेंबरात बेळगावचा धर्मप्रांत झाला. पहिले बिशप मायकल रॉड्रिग्ज. डिसेंबरात गोव्याचे पात्रियार्क जुझे द कॉस्ता नुनिश पदावरून गेले.

पुढच्या दोन वर्षांत सत्याग्रह, गोळीबार, आर्थिक नाकेबंदी झाली आणि १९५५ मध्ये कॅसलरॉकची गाडी थांबली. गोवामुक्तीसाठीचं भूमिगत नभोवाणी केंद्र त्याच वर्षी आंबोलीच्या रानात सुरू झालं आणि नंतर कॅसलरॉकला हललं. आई म्हापशाला आणि लेक बेळगावला, अशी घरं सहा वर्षं तुटून राहिली. इतर वेळी फेस्ताला जाणं होई, तेही बंद. धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा तो कागदावरचा बदल वाटला असेल, पण नाकेबंदीत त्याचा उपयोग कळला. घाटावरच्या पाद्र्याला आता बदलीसाठी, परवानगीसाठी, पैशासाठी पणजीकडे बघावं लागत नव्हतं.

या कहाणीतली गंमत अशी की, पोर्तुगालपासून सुटण्यासाठी काढलेल्या या धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे फातिमा मातेचं. फातिमा हे पोर्तुगालमधलं खेडं, जिथे १९१७ मध्ये तीन गुराखी मुलांना मरियेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. कॅम्पात आज त्या कॅथेड्रलसमोरून जाणाऱ्या माणसाला त्यात पोर्तुगीज असं काही जाणवत नाही. भक्ती ही राज्याचा हुकूम मानून येत नाही आणि राज्य गेलं म्हणून जातही नाही.

मग १९५६ आलं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६७ हे वर्ष तर आपल्या दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र आठवावं असं. १६ जानेवारीला गोव्यात सार्वमत झालं, महाराष्ट्रात जायचं की नाही यावर. ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. त्याने बेळगाव म्हैसूरकडे ठेवायला सांगितलं, निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. यातलं काहीच झालं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ मध्ये गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं.

याच सुमारास चर्चमध्येही भाषेचा प्रश्न उघडा पडला. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेला वाट करून दिली. बाकीच्या ठिकाणी हा प्रश्न सोपा होता. बेळगावात लोकांची भाषा म्हणजे कुठली? लॅटिन कोणाचीच नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती. ती गेल्यावर प्रत्येकाची एक भाषा उरली. गोव्याकडच्यांची कोंकणी रोमी लिपीत, मंगळूरकडून आलेल्यांची कोंकणी कन्नड लिपीत, खेड्यातल्यांची कन्नड, सीमाभागातल्या अनेकांची मराठी, शाळेत शिकलेल्यांची इंग्रजी. बैलहोंगल तालुक्यातल्या देशनूरला तर जेझुइटांनी आश्रमाच्या धर्तीवर काम केलं, भगवी वस्त्रं, शाकाहार आणि कन्नड. रस्त्यावर ज्या पाटीवरून दगडफेक होते त्याच प्रश्नाला चर्चने वेळापत्रक हे उत्तर शोधलं. या वेळेला या भाषेतली मिस्स, त्या वेळेला त्या भाषेतली. फार थोर उत्तर नव्हे, कुरबुरी त्यातही असतात. पण कोणालाही दाराबाहेर उभं राहावं लागत नाही.

१९७६ मध्ये कारवारचा धर्मप्रांत बेळगावातून वेगळा झाला. जे गोव्याने सोसलं ते बेळगावनेही सोसलं. बर्नार्ड मोरास आणि पीटर मच्याडो हे बेळगावचे दोन बिशप २००४ आणि २०१८ मध्ये बंगळूरचे आर्चबिशप झाले. म्हणजे ज्या चर्चची तोंडं एके काळी पश्चिमेला, गोव्याकडे होती, ती आता दक्षिणेकडे वळली आहेत.

तक्रार करायची तर ती आपल्यावरच. गोव्याच्या चर्चचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण चोर्ल्याच्या घाटाशी थांबतात. बेळगावचा इतिहास लिहिणारे किल्ला, कमल बस्ती, सीमालढा सांगतात आणि कॅम्पातल्या गोंयकाराला पाहुणा समजून ओलांडून जातात. दोन्ही बाजूंनी हा माणूस सुटतो. त्याचा इतिहास दगडात फारसा नाही, कारण त्याच्याकडे गावकरीची जमीन नव्हती. तो आहे त्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्यांत. बापाचं गाव कुठलं, आईचं कुठलं, साक्षीदार कोण, धंदा काय. कळंगुट, आसगाव, कुंकळ्ळी आणि पुढे बेळगाव, असं लिहिलेल्या एका ओळीत घाट ओलांडला गेलेला असतो. वाळवी आणि पावसाळा कोणाचं ऐकत नाहीत. त्या वह्या जपून, छायाचित्रं काढून, शांतपणे वाचणारा कोणी मराठी, कोंकणी वा कन्नड जाणणारा तरुण अभ्यासक पुढे आला, तर या तिन्ही भाषांवर त्याचे उपकार होतील.